टांकसाळीतला खून: आमच्या डी अँड डी टेबलावर क्लूचे नियम कसे आले

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात. आधीच सांगतो, ह्यात कुणाचं नाव नाहीये. खेळणाऱ्यांना त्यांच्या क्लासनेच, म्हणजे पात्राच्या पेशानेच बोलावतोय: रोग (आजार नव्हे, इंग्रजी rogue, चोर), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (पुरोहित), फायटर. चौघांनाही विचारून लिहिलंय, आणि फायटरने "माझा मोबाईलचा भाग वगळ" असं सांगितलं होतं, पण तो वगळला तर प्रकरणात काही उरतच नाही, त्यामुळे सॉरी.

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडला एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण रविवारी दुपारी चार ते आठ खेळतो. पाचवी एडिशन, २०१४ ची पुस्तकं, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. हे प्रकरण सुरू झालं तेव्हा पार्टी, म्हणजे चौघांच्या पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलला होती आणि आठ महिने आम्ही नुसते खाली उतरत होतो, गुहा, तळघर, परत गुहा. विझार्ड एकदा वैतागून म्हणाला, अरे आता एखाद्या शहरात जाऊ, एखादा खून होऊ दे, डोकं चालवायला काहीतरी दे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मलाही आवडलं. लहानपणापासून रहस्यकथा वाचलेल्या, म्हटलं तीन सेशनमध्ये आरामात होईल.

गोष्ट अशी रचली. एक बंदराचं शहर, तिथली टांकसाळ, आणि टांकसाळीचा म्हातारा पारखी रात्री आपल्या खोलीत मेलेला सापडतो. त्याला कळलेलं असतं की बाजारात फिरणाऱ्या काही नाण्यांच्या आत तांबं आहे आणि वरून नुसता चांदीचा मुलामा. खोट्या नाण्यांना ठसा लागतो, ठसा बनवणारा टांकसाळीतलाच ठसे कोरणारा कारागीर, आणि तोच खुनी. माल बाहेर नेणारा एक जहाजाचा कप्तान.

क्लू मी एका माळेत ओवले होते. पारख्याच्या टेबलाला चोरकप्पा, त्यात वजनांची वही. वहीवरून धक्क्यावरचं गोदाम, गोदामावरून कप्तान, कप्तानावरून कारागीर. प्रत्येक ठिकाणी एक इन्व्हेस्टिगेशन रोल, डीसी १५. कागदावर छान दिसत होतं.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी: वीस बाजूंचा डाईस टाकायचा, त्यात आपल्या पात्राचा त्या कामातला आकडा मिळवायचा, बेरीज डीसीएवढी, म्हणजे डीएमने ठरवलेल्या अवघडपणाच्या आकड्याएवढी, किंवा जास्त आली की जमलं. १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड. पाचव्या एडिशनमध्ये अठरा स्किल आहेत आणि इन्व्हेस्टिगेशन त्यातलं एक. मारामारीला पुस्तकात अख्खं प्रकरण आहे, कोण कधी हलणार, किती फूट, आडोसा असेल तर किती, सगळं. शोधकामाला एक परिच्छेद. १९७४ मध्ये हा खेळ युद्धखेळांच्या पोटातूनच जन्मला, तेव्हा त्याला तलवारीचं जास्त कळतं ह्यात नवल नाही.

अडचण

पहिल्या सेशनला रोग एकटाच पारख्याच्या खोलीत शिरला, बाकीचे खाली नोकरांशी बोलत होते. टेबल तपासतो म्हणाला. रोगचं इन्व्हेस्टिगेशन अधिक ७, एक्स्पर्टीज, म्हणजे त्या स्किलमधलं खास प्रावीण्य, घेतलेली. डाईसवर पडले ५. बारा. मी म्हटलं, टेबल साधं वाटतंय.

आता तिघं वर धावले. मी बघतो, मी बघते, मीपण. मी म्हटलं नाही, एकदा रोल झाला की झाला. हा माझा पहिला निर्णय, आणि घेताना मला तो फार करारी वगैरे वाटला होता. त्याचा परिणाम असा की ज्या कप्प्यावर सगळी गोष्ट टांगलेली तो कप्पा कायमचा बंद. पुढची चाळीस मिनिटं चौघं त्या घरात फिरत राहिले, पडदे बघितले, चुलीतली राख चाळली, आणि शेवटी कंटाळून त्यांनी द्वारपालाला भिंतीशी दाबून धरला. द्वारपालाला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं कारण मी त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं.

नंतर घरी बसून हिशोब केला. अधिक ७ ला डीसी १५ म्हणजे डाईसवर ८ किंवा वर, म्हणजे ६५ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण असे तीन रोल ओळीने जमायला हवेत तर शक्यता सुमारे २७ टक्के. म्हणजे माझी गोष्ट चारातल्या जवळजवळ तीन वेळा अडकणारच होती, त्या दिवशी फक्त पहिल्याच दाराशी अडकली. चौघांनाही रोल करू दिला असता तर एका दाराशी कुणा एकाला तरी जमण्याची शक्यता ९० च्या आसपास होती, पण मग चार जण ओळीने डाईस फेकतायत आणि त्याला शोधकाम म्हणायचं, ह्यात कसली मजा.

दुसऱ्या सेशनला उलटं झालं. क्लेरिक तयारीने आली. स्पीक विथ डेड, तिसऱ्या लेव्हलचं स्पेल (मंत्र), प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पहिलाच प्रश्न, "तुला कुणी मारलं?"

मी ह्याचा विचारच केला नव्हता. आठ महिने ज्या स्पेलच्या यादीबरोबर खेळतोय तिचा खुनाच्या गोष्टीत काय चुराडा होईल हे डोक्यात आलं नाही, ही चूक सरळ माझी. घाबरून म्हटलं, "चेहरा दिसला नाही." फायटरने मोबाईलमधून मान वर काढली, त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "अरे पण वार छातीत आहे ना? समोरून मारलं तर चेहरा कसा नाही दिसला?" बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, "मुखवटा होता." क्लेरिकने पुढचा प्रश्न त्यावरच घातला, कसला मुखवटा? मी म्हटलं, लाकडी, जत्रेतला असतो तसा.

झालं. उरलेलं अख्खं सेशन पार्टी शहरातले मुखवटे बनवणारे सुतार शोधत फिरली. खरं सांगतो, त्या दिवशी त्यांनी फार छान खेळ केला, चांगले प्रश्न विचारले, एकमेकांचे मुद्दे धरून पुढे गेले, आणि सगळं माझ्या एका थापेच्या मागे. मला पोटात गोळा आलेला. निघताना विझार्ड चपला घालता घालता म्हणाला, "कठीण आहे पण मजा येतेय," आणि मला काय तोंड दाखवावं कळेना.

काय काय पर्याय होते

पुढचे दोन रविवार मी सुट्टी मागितली. ऑफिसचं कारण सांगितलं. त्या पंधरा दिवसांत जे जे डोक्यात आलं ते असं.

सगळ्यात सोपं म्हणजे डीसी खाली आणायचा, नाहीतर पडद्यामागे रोल बदलायचा. बरेच डीएम करतात, मीही केलंय. पण रोलचा निकाल मला आधीच ठरवायचा असेल तर डाईस टाकायला कशाला सांगायचं? खेळाडूंना हे आज ना उद्या कळतंच.

दुसरं, असल्या खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरचा तीन क्लूंचा नियम. २००८ मधला आहे, खूप जणांनी ऐकलेला असेल. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं त्या प्रत्येकासाठी निदान तीन क्लू ठेवा, कारण एक ते बघणार नाहीत, एकाकडे दुर्लक्ष करतील आणि एकाचा भलताच अर्थ लावतील. ह्यात नियम बदलावे लागत नाहीत, फक्त डीएमचं लेखन वाढतं. माझ्या माळेला हे औषध लागूच होतं.

तिसरं, गमशू. तपासाच्या खेळांसाठी रॉबिन लॉजने बनवलेली नियमांची सिस्टिम, पेलग्रेन प्रेसची. तिचा गाभा एवढाच की योग्य ठिकाणी गेलात, योग्य कौशल्य तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ते वापरतो म्हणालात, तर मुख्य क्लू मिळतो, रोल नाही. पॉइंट खर्च केले तर वरचं काहीतरी मिळतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पानचट वाटलेलं, म्हणजे सगळं फुकट वाटायचं का? पण मुखवट्याच्या सेशनने डोळे उघडले. त्या दिवशी मजा कशात होती? हातात जे होतं त्याचा अर्थ लावण्यात, त्यावरून भांडण्यात. कप्पा सापडण्यात नव्हतीच.

मग अख्खी सिस्टिमच बदलायची का? फँटसीसाठी गमशूवरच बेतलेला स्वोर्ड्स ऑफ द सर्पंटाइन आहे, केविन कल्प आणि एमिली ड्रेसनरचा, पडक्या वैभवाचं शहर, चेटूक, सगळं आमच्या गोष्टीला शोभेल असं. किंवा १९८१ पासून चालत आलेला कॉल ऑफ कथुलू, जिथे तपास हाच खेळ आहे. पण आठ महिन्यांची पात्रं सोडायला कुणी तयार होणार नव्हतं, आणि नवीन पुस्तक वाचा म्हटलं की आमच्यात चारातले दोन गळतात. हा पर्याय मी पाच मिनिटांत बाद केला.

ब्रिंडलवूड बे नावाच्या खेळात जेसन कॉर्डोव्हाने वेगळीच गंमत केलीये, तिथे खुनी आधी ठरलेलाच नसतो. खेळाडू क्लू जमवतात, आपली थिअरी मांडतात आणि डाईस सांगतो ती खरी का. मुखवट्याच्या घोळानंतर मला ह्याचा खूप मोह झाला, कारण मग माझी थाप थाप राहिली नसती. सुतारांपैकीच एक खुनी, विषय संपला. दोन दिवस मी ह्यावर अडून होतो. शेवटी नको म्हटलं, कारण विझार्डला मी तोंडाने सांगून बसलो होतो की उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं आहे. तो त्या भरवशावर खेळत होता.

आणि शेवटचं, स्पेलवर बंदी. म्हणजे क्लेरिकने निवडून घेतलेली गोष्ट मी माझ्या आळसापायी काढून घ्यायची. नाही.

काय केलं

तिसऱ्या सेशनच्या सुरुवातीला चहा यायच्या आधीच कबूल करून टाकलं. मुखवटा खोटा आहे, मी घाबरून बोललो, खोडून टाका. खोलीत अंधार होता, दिवा विझलेला होता, म्हणून चेहरा दिसला नाही. क्लेरिक दोन मिनिटं खरंच चिडली, माझं स्पेल गेलं, प्रश्न गेले, त्याचं काय? एकदा विचारलेल्या प्रेतावर तेच स्पेल दहा दिवस परत चालत नाही, तेव्हा मी म्हटलं तो दिवस झालाच नाही असं धर, पाचही प्रश्न परत विचार.

ह्या वेळी मी तयार होतो. पारख्याने शेवटच्या मिनिटाला काय पाहिलं, काय ऐकलं, कसला वास आला हे आधी लिहून ठेवलेलं. उत्तर आलं, "अंधार. मेणाचा वास." ठसा उमटवून बघायला कारागीर मेण वापरतो. आणि दिवा का विझला ह्याचं उत्तरही सापडलं मला, वातच आधी काढून ठेवलेली, म्हणजे संध्याकाळी कुणीतरी खोलीत येऊन गेलेलं. माझ्या थापेतून गोष्टीतला सगळ्यात चांगला क्लू निघाला, हे मात्र नशीब.

मग एक पानाचा नियम वाचून दाखवला. थोडक्यात असा. जागेवर गेलात, काय बघताय आणि कसं ते बोललात, आणि तुमच्या पात्राला त्यातलं कळतं, तर मुख्य क्लू मिळालाच. रोल त्याच्यावरचा. १५ किंवा वर आलं तर एक जास्तीचा तपशील. खाली आलं तरी क्लू तुमचाच, फक्त वेळ जातो. वेळेसाठी टेबलावर सहा घरांचं वर्तुळ काढलं, ब्लेड्स इन द डार्क ह्या खेळातल्या क्लॉकसारखं, वेळ गेला की एक घर भरायचं. सहा घरं भरली की कप्तानाचं जहाज सुटलं.

"कळतं" म्हणजे काय, तर फक्त स्किल नाही, बॅकग्राउंडसुद्धा, म्हणजे पात्र आधी काय करत होतं ते. हे मी घातलं ते फायटरकडे बघून. त्याची बुद्धी ८, इन्व्हेस्टिगेशन उणे १, डीसी १५ ला चारात एकदा जमणार, मग तो मोबाईल बघेल नाहीतर काय करेल? पण त्याचं बॅकग्राउंड सोल्जर आहे. म्हटलं, जखमा तू वाचायच्या. डाईस नको.

प्रत्येकाला दोन कवड्या. एक कवडी टाकली की डीएमला एक नेमका प्रश्न विचारायचा, उत्तर सरळ मिळणार. गमशूच्या पॉइंटचीच ही देशी आवृत्ती.

आणि स्पेलचं काय, तर शहरालाही स्पेल माहीत आहेत असं धरलं. ज्या जगात झोन ऑफ ट्रुथ, म्हणजे खोटं बोलू न देणारं स्पेल, आहे तिथल्या व्यापारी गिल्डने त्याचे नियम केले नसतील का? तेव्हा ते लावायचं फक्त गिल्डच्या सभागृहात, माणूस स्वतः तयार असेल तर, आणि साक्षीदारांसमोर. मूळ स्पेलमध्येही माणसाला खोटं बोलता येत नाही पण बगल द्यायला मोकळीक आहेच, ते लोक विसरतात.

काय झालं

तिसऱ्या सेशनला फायटर प्रेतापाशी बसला. मी सांगितलं, जखम अरुंद आहे, खोल आहे, कडा चौकोनी. तो एकदम म्हणाला, "हा खंजीर नाहीये. खंजिराची चीर पडते. हे काहीतरी टोचायचं हत्यार आहे, कारागिराचं." पुढचे दोन तास मोबाईल उताणा पडून होता. रोगने कप्पा उघडला, वही मिळाली. विझार्डला कसोटीच्या दगडावर तांबूस रेघ दिसली. आणि ज्यांनी दोन्ही सोडलं असतं त्यांच्यासाठी बाजारात एक मासेवाली नाणी घ्यायला नकार देत होती. नाणी खोटी आहेत हे ह्यांना तीनही वाटांनी कळलं, तिसऱ्या वेळेला विझार्ड म्हणाला "हो बाई, कळलं."

पण सगळं गोड नव्हतं. रोग नाराज झाला. त्याचं म्हणणं, मी एक्स्पर्टीज घेतली ती काय शोभेला? फुकटच मिळणार असेल तर ज्याचा अधिक ७ आहे आणि ज्याचा उणे १ आहे त्यांच्यात फरक काय राहिला? नियम लिहिताना मी जो माणूस कंटाळतोय त्याचाच विचार केला होता, ज्याने ह्याच कामासाठी पात्र बांधलंय त्याचा केलाच नव्हता. चौथ्या सेशनआधी दोन ओळी घातल्या. एक्स्पर्टीज असेल तर रोल चुकला तरी क्लॉकचं घर भरत नाही. आणि बेरीज २० च्या वर गेली तर डीएमला हो किंवा नाही असा एक प्रश्न, कवडीशिवाय. त्याचं समाधान झालं, बरंचसं.

दुसरी गंमत म्हणजे लोक खोलीत शिरले की स्किलची यादी वाचायला लागले. माझ्याकडे हिस्टरी आहे, अर्काना आहे, रिलिजन आहे, काय मिळतं? रेशनच्या दुकानात कार्ड पुढे केल्यासारखं. मग सांगावं लागलं की आधी हात कुठे घालतोयस ते बोल. २०२४ च्या नव्या पुस्तकात सर्च आणि स्टडी अशा दोन वेगळ्या ॲक्शन दिल्यात, एक नजरेची, एक डोक्याची, तो भेद मी इथे उसना घेतला आणि तो कामाला आला.

कवड्या कुणी खर्चच करेना. आठपैकी पाच तशाच उरल्या, पुढे लागतील म्हणून. आपली माणसं, बचत रक्तात आहे.

पाचव्या सेशनला कारागीर गिल्डच्या सभागृहात स्वतःहून आला. झोन ऑफ ट्रुथ लागलं. त्याने शांतपणे सांगितलं, "त्या रात्री मी माझ्या खोलीत झोपलो होतो." खरंच होतं ते, खून करून आल्यावर झोपलाच होता. टेबलावर शांतता. मग फायटर म्हणाला, "किती वाजता झोपलास?" आणि मी, म्हणजे कारागीर, काहीच बोललो नाही. विझार्डने टेबलावर हात आपटला, चहा सांडला, कॅरेक्टर शीट भिजली.

खुनी पकडला. क्लॉकची पाच घरं भरलेली, जहाज दोर सोडण्याच्या बेतात होतं. कारण मात्र त्यांनी चुकीचं सांगितलं, लोभ म्हणाले. माझ्या वहीत होतं की कप्तानाने कर्जावरून कारागिराची मान धरलेली. "कोण" साठी तीन क्लू ठेवले होते, "का" साठी एकच, तोही स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरात हे लोक एक तास भलत्याच कारणाने आचाऱ्याच्या मागे लागले होते. आचारी मी रंगवून सांगितला होता एवढाच त्याचा गुन्हा. मी काहीतरी प्रेमाने वर्णन केलं की तो क्लूच असतो असं ह्यांनी धरलंय.

परत केलं तर

पहिल्या सेशनलाच थांबायला हवं होतं. रोल फसला त्या क्षणी "कप्पा सापडला, पण तू उघडत असताना जिन्यावर पावलं वाजली" एवढं म्हटलं असतं तर हा सगळा घोळ झालाच नसता, आणि त्यासाठी एका पानाचा नियम लागत नाही. ह्यावर क्लेरिक म्हणते की मग नियमही आले नसते, ते मला पटतं पण आवडत नाही.

मुखवट्याची कबुली एक सेशन आधी द्यायची. त्या दिवशी सातलाच "थांबा, मी चुकलो" म्हणता आलं असतं. मी पंधरा दिवस आणि ऑफिसचं खोटं कारण असा लांबचा रस्ता घेतला.

आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नियमाचा नाहीच, खुन्याच्या वेळापत्रकाचा. तो संध्याकाळी कुठे होता, वात कधी काढली, हत्यार कुठे धुतलं, कुणी बघितलं, हे तासातासाने लिहिलं तेव्हा क्लू आपोआप पडत गेले, मला बसून शोधावे लागले नाहीत. पहिल्या दोन सेशनला माझ्याकडे खुनी होता, खून नव्हता.

पॅसिव्ह परसेप्शनचं, म्हणजे रोल न करता पात्राला किती दिसतं त्या आकड्याचं, काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. क्लेरिकची १६ आहे, म्हणजे दारातून आत आली की निम्मं तिला रोलशिवाय दिसतंच, आणि त्यावरून रोग परत कुरकुरतोय. सध्या असं चाललंय की "काहीतरी विचित्र आहे" एवढं तिला कळतं आणि काय ते बघायला दुसऱ्याला वाकावं लागतं. उरलेल्या कवड्या आता सेशन संपलं की डब्यात परत जातात. गेल्या रविवारी पावणेआठला चौघांनी एकदम टाकल्या, चार प्रश्न एका दमात, आणि चारही आचाऱ्याबद्दल.